रात्रभर उपाशी, तरी सकाळी साखर वाढलेली? (यकृत, ग्लायकोजेन, ग्लिसरॉल वगैरे)

मीठभाकरी
मंडळी, सासऱ्यांना (आम्ही दादा म्हणतो) टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे, तब्येत ठणठणीत. परवा एकादशी झाली. दिवसभरात ताक आणि एक केळं, रात्री काहीच नाही. झोपताना ग्लुकोमीटरवर १२२ आले. पहाटे साडेपाचला १४८! मधल्या वेळात पाण्याशिवाय पोटात काही गेलेलं नाही. स्वयंपाकघरातले डबे माझ्या ताब्यात असतात, तेव्हा चोरून लाडू खाल्ल्याचा आरोप करू नका.
दादांच्या मते मशीन बिघडलंय. नणंदेच्या मते उपासाने चरबी वितळते आणि तिची साखर होते, म्हणून आकडा वाढला. मला दोन्ही पटत नाही. न खाता साखर येते कुठून? शरीर ती साठवतं तर कुठे आणि किती? जुने धागे चाळले, कारल्याच्या रसापलीकडे काही हाती लागलं नाही.

विरजण
आमच्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' असते. ताक-केळ्यावर दिवस काढणाऱ्या दादांना माझा साष्टांग सांगा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वऱ्हाडी_ठेचा
काहून बाप्पा मशीनले नावं ठेवता? माह्या बाबाचंबी असंच होते. रातच्याले कमी, सकाळी जास्त. डॉक्टर म्हने की लिव्हर बनवते साखर. पुढं काही समजलं नाही मले, लाइन लागली होती मागं.

नाडीपरीक्षा
ठेचाभाऊंच्या डॉक्टरांनी घाईत का होईना, बरोबर सांगितलंय. लाइन नाही तर सविस्तर लिहिते. (सांगलीकडे प्रॅक्टिस करते. हा सल्ला नाही, माहिती आहे.)

आधी मशीन. घरगुती ग्लुकोमीटरला १००च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा मानकातच दिलेली असते. म्हणजे १२२ आणि १४८ यांतला काही फरक निव्वळ मशीनचाही असू शकतो. एका सकाळीवरून काही ठरवू नका. पण रोज हेच दिसत असेल तर मशीन निर्दोष आहे.

आता हिशेब बघा. रक्त साधारण ५ लिटर, त्यात साखर १०० मिलिग्रॅम दर डेसिलिटर. सगळी मिळून ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. एकटा मेंदूच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज खातो, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. शिवाय तांबड्या रक्तपेशी, त्यांना ग्लुकोजशिवाय दुसरं काही चालतच नाही. मग रात्री जेवण झाल्यावर सकाळपर्यंत आपण जिवंत कसे राहतो? यकृतामुळे. ते रात्रभर तासाला ८ ते १० ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत असतं. तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच.

ही साखर दोन वाटांनी येते. एक म्हणजे साठवलेलं ग्लायकोजेन. ग्लुकोजचे हजारो रेणू फांद्याफांद्यांनी जोडून केलेला गोळा. जेवण झाल्यावर यकृतात ते १०० ग्रॅमच्या आसपास असतं. दुसरी वाट नव्याने बनवण्याची: स्नायूंकडून येणारं लॅक्टेट, प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि चरबीतलं ग्लिसरॉल यांच्यापासून. बारा तास उपाशी असताना दोन्ही वाटांचा वाटा जवळपास निम्मा-निम्मा असतो. दिवस-दीड दिवस काही खाल्लं नाही तर यकृतातला साठा संपत येतो आणि सगळी भिस्त दुसऱ्या वाटेवर.

निरोगी माणसात इन्शुलिन यकृताला वेळीच 'पुरे' म्हणतं. टाइप २ मध्ये यकृत ते ऐकत नाही. त्यात पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात, तेही यकृताला आणखी साखर सोडायला लावतात. दादांचे १४८ हे बहुधा त्यातलेच. मेटफॉर्मिनचं मुख्य काम यकृताची ही साखर आवरणं हेच आहे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. दादा फक्त मेटफॉर्मिनवर आहेत म्हणून निभावलं. ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता कडक उपास करू नये. तिथे साखर धाडकन उतरते, आणि कधी कधी पहाटेही उतरते, घरचे झोपेत असताना.

मीठभाकरी
बापरे, एक चमचा! रक्तात वाटीभर तरी असेल असं वाटायचं. खूप धन्यवाद डॉक्टर. म्हणजे नणंदबाईही अगदीच चुकीच्या नाहीत? 'चरबीतलं ग्लिसरॉल' असं तुम्ही लिहिलंय. ग्लिसरॉल म्हणजे थंडीत गुलाबपाण्यात घालून लावतो ते ग्लिसरीनच ना?

रसायनवाला
तेच. ग्लिसरीन आणि ग्लिसरॉल एकच. आयुष्यभर कॉलेजात हा विषय शिकवला, आता घरात कोणी ऐकत नाही, त्यामुळे तुम्हाला ऐकावं लागेल.

तीन कार्बनची छोटी साखळी, प्रत्येक कार्बनवर एक हायड्रॉक्सिल. तीन खुंट्यांची खुंटाळी डोळ्यांसमोर आणा. तिन्ही खुंट्यांवर एकेक मेदाम्ल (फॅटी ॲसिड) अडकवलं की झालं ट्रायग्लिसराईड. शेंगदाण्याचं तेल, साजूक तूप, पोटावरचा टायर, सगळं हेच. फरक फक्त कोणती मेदाम्लं लटकवलीत त्याचा. कॉस्टिक घालून तेल उकळलं की मेदाम्लांचा साबण होतो आणि खुंटाळी मोकळी होते. साबण कारखान्यांचं जोडउत्पादन ते हेच. १७७९ मध्ये शीले या स्वीडिश रसायनज्ञाने ऑलिव्ह तेल मुरदाडशिंगाबरोबर (शिशाचा ऑक्साइड) उकळून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. चाखून पाहिलं तर गोड! त्या काळचे रसायनज्ञ सगळंच चाखत. शिसं घातलेल्या भांड्यातलंसुद्धा.

आता नणंदबाईंचा मुद्दा. उपाशी असताना चरबीच्या पेशीत ट्रायग्लिसराईड सुटं होतं. मेदाम्लं स्नायूंकडे, हृदयाकडे जळायला जातात. ती जळताना दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात, आणि आपल्या शरीरात त्या तुकड्यांपासून ग्लुकोज परत जोडता येत नाही. साखरेची चरबी होते, मेदाम्लाची साखर होत नाही. रस्ता एकेरी आहे.

राहिली खुंटाळी. ती वापरायला ग्लिसरॉल कायनेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं, ते चरबीच्या पेशीत जवळजवळ नसतंच. म्हणून ग्लिसरॉल रक्तात उतरतं आणि यकृत ते उचलतं. तीन-तीन कार्बनचे दोन रेणू जोडून सहा कार्बनचं एक ग्लुकोज.

किती? ट्रायग्लिसराईडच्या वजनात ग्लिसरॉलचा भाग साधारण दहावा. १०० ग्रॅम चरबी जळली तर १० ग्रॅमच्या आसपास ग्लिसरॉल, आणि त्यातून फार तर तेवढीच साखर. एका रात्रीत तर याचा वाटा अगदीच किरकोळ. दादांचा आकडा चरबी वितळल्याने वाढला असं म्हणता येणार नाही. उपास आठवडे चालला, तर मात्र हेच किरकोळ ग्लिसरॉल महत्त्वाचं होतं: यकृताच्या नव्या साखरेतला दिवसाला वीसेक ग्रॅमचा हिस्सा त्याचा, आणि तेवढे स्नायू मोडायचे वाचतात.

विरजण
सर, एक शंका. मेदाम्लाची साखर होत नाही, तर किटोवाले वर्षानुवर्षं भाकरी-भात न खाता कसे फिरतायत? माझा मेव्हणा त्यातलाच. फिरतोय म्हणजे काय, लग्नात पनीरच्या काउंटरवर ठाण मांडून असतो.

नाडीपरीक्षा
पनीरमधली प्रथिनं आहेत, त्यांतून साखर बनते. खुंटाळ्या आहेतच. आणि यकृत मेदाम्लांपासून कीटोन बनवतं, ते मेंदूला चालतात. दीर्घ उपासात मेंदूची निम्म्याहून जास्त गरज त्यावर भागते, मग १२० ग्रॅम ग्लुकोज लागतच नाही. मेव्हण्याला कोलेस्टेरॉल तपासून घ्यायला सांगा मात्र.

रसायनवाला
त्यात भर. एरंडाचं किंवा सूर्यफुलाचं बी उगवताना तेलाची सरळ साखर करतं, मेदाम्लांसकट. त्यांच्याकडे ग्लायऑक्सिलेट चक्र नावाची आडवाट आहे, १९५७ मध्ये कॉर्नबर्ग आणि क्रेब्ज यांनी दाखवलेली. कोंबाला पान फुटेपर्यंत ऊन कामाचं नसतं, शिदोरी सगळी तेलाची. आपल्यात ती वाट नाही.

आणि यकृत साखर बनवतं हे कळलं कसं, तेही सांगतो, कारण तो प्रयोग मला फार आवडतो. फ्रान्सचा क्लोद बर्नार. त्या काळी समज असा की साखर फक्त वनस्पती बनवतात, प्राणी नुसती खातात. याने कुत्र्यांना निव्वळ मांसावर ठेवलं, तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर! मग त्याने यकृत काढून त्याच्या शिरांतून पाणी सोडत राहिला, साखर पूर्ण धुतली जाईपर्यंत. ते धुतलेलं यकृत तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तपासलं. पुन्हा साखर. मेलेल्या, धुतलेल्या अवयवात! म्हणजे आत असं काही होतं जे पाण्याने वाहून गेलं नाही आणि हळूहळू साखरेत बदललं. १८५७ मध्ये त्याने ते वेगळं काढलं, तेच ग्लायकोजेन.

सातारी_धाव
जबरदस्त धागा. धावणाऱ्यांच्या बाजूने थोडं लिहितो, कारण आमचं सगळं नशीब या ग्लायकोजेनवर आहे.

डॉक्टरांनी यकृतातले १०० ग्रॅम सांगितले. स्नायूंत त्याच्या चौपट तरी असतं, ४०० ग्रॅमच्या आसपास. पण ते तिथेच कोंडलेलं. स्नायूकडे ग्लुकोज रक्तात सोडायचं विकरच नाही, त्यामुळे मांडीतली साखर मांडीलाच. हाताला उसनी मिळत नाही, मेंदूला तर नाहीच.

एकूण ५०० ग्रॅम धरा, म्हणजे २००० कॅलरी. ६५ किलोचा माणूस ४२ किलोमीटर पळताना २७०० च्या आसपास जाळतो. चरबी मदत करते, पण ती सावकाश जळते, वेग टिकवायला साखरच लागते. म्हणून तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला पाय शिशाचे होतात. मुंबई मॅरेथॉनला नेमका तिथेच पेडर रोडचा चढ येतो. माणसं चांगली पळत असतात आणि एकदम चालायला लागतात. रडणारीही बघितलीत. दम लागलेला नसतो, इंधन संपलेलं असतं. गंमत म्हणजे अंगावर १० किलो चरबी असेल तर त्यात ९०,००० कॅलरी तशाच पडून असतात!

साठा वाढवता येतो हे दाखवलं बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन स्वीडिश डॉक्टरांनी, १९६६ मध्ये. दोघे स्वतःच सायकलवर बसले, एकाच सायकलच्या दोन बाजूंना, आणि एकेका पायाने पेडल मारत राहिले. दुसरा पाय आरामात. मग तीन दिवस भरपूर पिष्टमय खाणं आणि दोन्ही मांड्यांतून सुईने स्नायूचा तुकडा काढून तपासणी. दमवलेल्या पायात ग्लायकोजेन आरामातल्या पायाच्या दुप्पट. शर्यतीआधी आम्ही भात-बटाटे-पोहे हाणतो त्याचं मूळ यात.

डाएटवाल्यांनी हेही वाचा. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं. ५०० ग्रॅम रिकामं केलंत तर दीड लिटर पाणीही जातं. कुठल्याही डाएटच्या पहिल्या आठवड्यात 'दोन किलो उतरले' म्हणून पेढे वाटणाऱ्यांचे दोन किलो हे. एका लग्नाच्या जेवणात परत येतात.

आणि ग्लिसरॉलही आमच्याकडे येऊन गेलंय. पाण्याबरोबर प्यायलं की शरीर पाणी जास्त वेळ धरून ठेवतं, म्हणून उन्हातल्या शर्यतींत लोक घ्यायचे. २०१० पासून ते उत्तेजकांच्या जागतिक बंदी यादीत होतं, २०१८ पासून काढलं. मी घेत नाही. पोट डचमळतं आणि सातारा हिल मॅरेथॉनच्या यवतेश्वर घाटात झाडी शोधत फिरण्याची हौस नाही.

खारी_बिस्कीट
मी घरून केक करते. फॉन्डंट मऊ राहावा म्हणून ग्लिसरीन घालतात, प्रोटीन बारच्या वेष्टनावरही ४२२ असा आकडा असतो तो याचाच. दोन प्रश्न. मधुमेहींना हे चालतं का? आणि केमिस्टकडे लावायचं ग्लिसरीन स्वस्त मिळतं, तेच फॉन्डंटमध्ये घातलं तर? शेवटी रेणू एकच ना?

नाडीपरीक्षा
पहिल्याचं उत्तर: साखरेपेक्षा थोडं कमी गोड, कॅलरी मात्र साखरेइतक्याच, ग्रॅमला ४ हून जरा जास्त. रक्तातली साखर त्याने हळू चढते. 'शुगर फ्री' लिहिलेला बार म्हणजे फुकटचा नव्हे. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल हे याचेच भाऊबंद, दोन बार जास्त खाल्ले की पोट झरझर साफ.

दुसऱ्याचं उत्तर: नको. अजिबात नको. रेणू एकच असतो हे खरं, पण बाटलीत तोच रेणू आहे याची खात्री कोणाची?

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातलं १९८६ चं प्रकरण इथल्या पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल. मेंदूची सूज किंवा डोळ्यातला दाब उतरवायला तेव्हा रुग्णांना तोंडाने ग्लिसरॉल देत. साधं, जुनं, निरुपद्रवी औषध. त्या जानेवारी-फेब्रुवारीत ते घेतलेल्या रुग्णांची लघवी बंद व्हायला लागली. मूत्रपिंडं निकामी. १४ जण गेले. आलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विषारी रसायन निघालं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि औषध खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांची लक्तरं टांगली. आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं.

रसायनवाला
यात रसायनशास्त्र असं आहे की डायएथिलीन ग्लायकॉलही बिनरंगी, घट्टसर आणि गोडच. ग्लिसरॉलपेक्षा स्वस्त. डोळ्याला, जिभेला फरक कळत नाही. घनता मोजली तर कळतो (ग्लिसरॉल १.२६, हे १.१२), पण थोडी भेसळ असेल तर त्यानेही नाही, क्रोमॅटोग्राफी लागते. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फा औषधाचं पातळ सिरप करायला हेच वापरलं आणि शंभरावर माणसं मेली, त्यांत ३४ मुलं. त्यावरून त्यांचा १९३८ चा औषध कायदा आला. एवढं माहीत असूनही १९८६, आणि २०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या सिरपने लहान मुलं गेली, २०२५ मध्ये छिंदवाड्याची. त्या मुलांपैकी कित्येकांना नागपूरला उपचारांना आणलं होतं. नव्वद वर्षं होत आली, चूक तीच. पिंप उघडून तपासायचं, एवढंच तर काम.

वऱ्हाडी_ठेचा
नागपूरच्या दवाखान्यातले ते दिवस पेपरात वाचले होते. लेकरं होती हो लहान लहान.

खारी_बिस्कीट
अंगावर काटा आला. बाटली बाजूला ठेवली. खाण्याच्या दर्जाचं, नीट लेबल असलेलंच आणेन.

काचपट्टी
उशिरा आलो, पण ग्लिसरॉलचा विषय आणि पॅथॉलॉजी लॅबवाला गप्प बसला असं नको.

लिपिड प्रोफाइलमध्ये ट्रायग्लिसराईडचा आकडा येतो ना, १५० च्या आत हवा तो? ते आम्ही थेट मोजत नाही. रसायनवाला सरांच्या भाषेत, नमुन्यात विकर घालून मेदाम्लं खुंट्यांवरून उतरवतो आणि खुंटाळ्या मोजतो. ग्लिसरॉलवर ग्लिसरॉल कायनेज, मग ऑक्सिडेज, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साईड, त्याने गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितका आकडा मोठा. मशीन करतं सगळं, पण शिकताना आम्ही नळीत हाताने करायचो, गुलाबी चढताना बघायला मजा यायची.

मेख अशी की रक्तात आधीच मोकळं फिरणारं ग्लिसरॉलही त्यात धरलं जातं. एरवी ते थोडं असतं, चालून जातं. पण काही जणांत जन्मतःच ग्लिसरॉल कायनेज नसतं. त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून बहुतेक पुरुषच. त्यांच्या रक्तात मोकळं ग्लिसरॉल भरपूर, रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराईड प्रचंड, आणि नळीतला सीरम (रक्तपेशी वेगळ्या काढल्यावर उरणारं पाणी) बघावा तर पाण्यासारखा स्वच्छ. खरोखर चरबी वाढली असती तर सीरम दुधाळ दिसला असता. अशांना वर्षानुवर्षं चरबीच्या गोळ्या चालू राहतात, उतार काही नाही. नमुन्यातलं मोकळं ग्लिसरॉल वेगळं मोजून वजा केलं की उलगडा होतो. आणि हो, ग्लिसरीनचं क्रीम चोपडलेल्या हाताने नमुने हाताळायचे नाहीत, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलेलं असतं.

विरजण
वा! म्हणजे मेव्हण्याला ट्रायग्लिसराईड जास्त आलं तर 'माझ्यात ग्लिसरॉल कायनेज नाही' म्हणायला मोकळा.

काचपट्टी
अत्यंत दुर्मीळ असतं ते. त्याचं पनीरच असणार.

रसायनवाला
अवांतर: त्याच तीन खुंट्यांवर मेदाम्लांऐवजी नायट्रेट लटकवले की नायट्रोग्लिसरीन, जबर स्फोटक. १८४७, इटलीचा रसायनज्ञ सोब्रेरो. नोबेलने त्याचा डायनामाइट केला आणि म्हातारपणी त्याच्याच छातीत दुखायला लागल्यावर डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं. आपल्याकडे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी मात्र याची नव्हे, ती सॉर्बिटॉलपासून येते. आणि सॉर्बिटॉल ग्लुकोजपासून. फिरून साखरेपाशीच आलो.

मीठभाकरी
सगळ्यांचे आभार. दादांना धागा वाचून दाखवला. बर्नारच्या कुत्र्यांवर खूश झाले, मशीनवरचा राग अजून आहे. आठवडाभर रोज झोपताना आणि उठल्यावर मोजून वहीत लिहायचं ठरलंय, मग ती वही घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे. बरोबर लिपिड प्रोफाइलही करून घेऊ. काचपट्टी, बारा तास उपाशी म्हणजे सकाळचा बिनसाखरेचा चहा चालेल ना? त्यांचं त्याशिवाय पान हलत नाही.

काचपट्टी
दुधाचा असेल तर नाही, त्यात चरबी आली. कोराही नकोच. पाणी हवं तेवढं प्या. आणि सात-साडेसातलाच या, नऊनंतर गर्दी होते, मग दादा आमच्यावरही चिडतील.